आवाजावर उतरवलेल्या चार ओळी

सोमवार, ३ फेब्रुवारी

चार ओळी! फक्त चार मागितल्यात तिनं, आणि माझं डोकं बधिर झालंय.

फोनवर म्हणाली, "तुम्ही नुसतं ठीक आहे, ठीक आहे करता. आमच्या घरी आलात तेव्हाही तेच. चहा देऊ? ठीक आहे. पंखा लावू? ठीक आहे. आणि मी पसंत आहे का विचारलं तर— ठीक आहे! मी काय भाजी आहे का?"

मी म्हटलं, "नाही नाही, ठीक—" आणि जीभ चावली. ती हसली. तिचं हसू आधी नाकातून येतं, मग तोंडातून. मग म्हणाली, "चार ओळी लिहून पाठवा. स्वतःच्या. कसल्याही. मग मी काय ते सांगते."

माझं शिक्षण सातवी. आठवीत जायचं होतं, गेलो कामावर. मी आणि कविता!

ताईला फोन लावला. हे स्थळ तिनंच आणलेलं. तर ती उलट माझ्यावरच. "ट्रकभर सिमेंट उचलतोस रे, चार ओळी उचलवत नाहीत?" आणि मग हळूच— "त्यांच्याकडे आणखी एक जण येऊन गेलाय. बँकेतला. महिनाअखेर ती घरच्यांना सांगणार आहे. बघ बाबा तू तुझं."

बँकेतला! म्हणजे अक्षर चांगलं असणार.

मंगळवार, ४

पायाला भिंगरी आहे माझ्या, लहानपणापासून. बेकरीत टिकलो नाही. टायरच्या दुकानात टिकलो नाही. गाव सोडलं, मग ते पुढचं शहर सोडलं, मग आणखी लांब इथं. आणि गंमत अशी की काम मिळालं ते दिवसभर एका खुर्चीत बसायचं! सकाळी शिडी चढायची ती जेवायलाच खाली. वर क्रेनच्या केबिनमध्ये मी, दोन दांडे, काच आणि वारा. बूड स्थिर, पाय थिरकत.

आज वाटलं, इतक्या उंचावर कविता सुचणार नाही तर कुठे सुचणार? आणि सुचली की!

चंद्र तुझ्या पदरात, चांदण्या तुझ्या केसात,
मी वेडं पाखरू तुझ्या प्रेमाच्या पाशात.
तुझ्याविना हे जीवन म्हणजे सुकलेली वेल,
सांग सखे, या वेड्याला कधी तू भेटशील?

वेल आणि भेटशील जरा ओढून बसवलंय. पण मालाला पट्टा आवळला की सगळं बसतं. मी कवी आहे! माहीतच नव्हतं.

बुधवार, ५

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते. पण हसूही येतंय.

आमच्या साइटवर साहेबांचा एक कडक नियम आहे. वॉकीटॉकीवर जे ऐकलं ते आधी परत बोलायचं, मगच हात हलवायचा. खालून मामा म्हणणार, "हुक खाली, हळू." मी म्हणणार, "हुक खाली, हळू, समजलं." मग दांडा. मी काही सांगितलं तरी तेच, मामानं ते परत म्हणायचं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं परत बोलायचं, म्हणजे चूक मधेच सापडते. मामा म्हणजे आमचा सिग्नलवाला. कुणाचाच मामा नाही, पण साहेबसुद्धा मामा म्हणतात. खालून तो माझे डोळे.

तर दुपारी गाडी यायची होती, हुक रिकामा. मी कविता मोठ्यानं म्हणून बघत होतो. चालीवर. वॉकीटॉकी मांडी आणि खुर्चीच्या मधे अडकलेला— बटण दाबलेलं! मला काय माहीत? खाली बघतो तर सगळे जागच्या जागी उभे. माना वर. मला वाटलं क्रेनला काही झालं. मी हात केला. त्यांनीही हात केला. दोन माणसं नाचायला लागली तेव्हा मला शंका आली.

बटण सोडलं. आणि मामाचा आवाज, नेहमीचाच, एकदम सरळ— "चंद्र पदरात. चांदण्या केसात. समजलं. आता विटा आल्यात. हुक खाली, हळू."

मग साहेब. "चॅनेल कामासाठी आहे." संपलं.

खोलीत सळीवाल्यानं जीव खाल्ला. माझ्या खालच्या पलंगावर झोपतो तो, दिवसभर सळ्या बांधतो आणि संध्याकाळी माणसं सोलतो. मी आत आलो की पांघरूण डोक्यावर घेऊन, "सांग सखे, या वेड्याला—" समोरच्या पलंगावरचा प्लंबर म्हणतो, "अरे गप, वेल सुकेल."

हसा लेको. मी पाठवली तिला.

गुरुवार, ६

तिचं उत्तर:

"मी छापखान्यात काम करते हे विसरलात का? लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते मी. चंद्र, चांदण्या, वेल, पाखरू आमच्याकडे तयारच असतं, नुसती नावं बदलायची. ही कविता मी गेल्या महिनाभरात तिघांच्या पत्रिकेत लावली. यात तुम्ही कुठे आहात?"

दिवसभर तेच डोक्यात. यात तुम्ही कुठे आहात. मी? मी तर वर होतो!

शुक्रवार, ७

काही नाही सुचलं.

रविवार, ९

सुट्टी. कपडे धुतले. कविता धुतली, म्हणजे फाडली.

आता ठरवलं, जे रोज दिसतं तेच लिहायचं. बसलो. तरी पहिली ओळ आली ती "विशाल गगनाच्या कुशीत"! कुठून येतात हे शब्द? मी आयुष्यात गगन म्हटलेलं नाही. आम्ही "वर" म्हणतो. "वर वारा आहे का?" "वर गरम होतंय." खोडलं गगन. लिहिलं वर. आणि काय सांगू, त्या एका शब्दानं पान एकदम माझ्या ओळखीचं झालं!

मग सुटलोच. वरून माणसं नुसत्या हेल्मेटची दिसतात. कोण हसतंय कळत नाही. चालीवरून ओळखतो मी प्रत्येकाला, सळीवाला डाव्या पायावर झुकतो, साहेब मागे हात बांधतात. वाऱ्यात केबिन डुलते. भिंतीपलीकडचं मला दिसत नाही, तिथं मामा सांगेल तसं उतरवतो. चिमण्या क्रेनच्या लांब हातावर बसतात. सगळं लिहिलं. पानभर झालं. बोटं काळी झाली, छान वाटलं.

सोमवार, १०

डबा खाताना मामाला वाचून दाखवली. तो चपातीचा घास धरून ऐकत राहिला. संपल्यावर म्हटलं, "कशी आहे?"

म्हणाला, "थांब. परत बोलू दे आधी." सवयच ती! डोळे मिटले. "भिंतीपलीकडचं मला दिसत नाही..." थांबला. "मामा सांगेल तसं उतरवतो." परत थांबला. घास खाल्ला.

"पुढे?"

"एवढंच उरलं."

"अहो, पानभर आहे! चिमण्या? वारा? हेल्मेटं?"

"ऐकलं ना सगळं. चांगलं होतं. पण उरलं नाही, त्याला मी काय करू? तू म्हणालास हुक खाली आणि सोबत चार गोष्टी सांगितल्यास, तर मी हुकच धरणार."

राग आला. डबा तसाच बंद केला. वर जाईपर्यंत राग गेला. शिडी लांब आहे.

बुधवार, १२

कापतोय.

आधी जीव तुटत होता. चिमण्यांची ओळ तर मला फार लाडकी. आज कापली. आणि कापल्यावर मजा वाटली! खरंच. घट्ट झालं बाकीचं. सुटा माल पट्ट्यात बांधला की हलत नाही तसं.

सळीवाल्यानं विचारलं, "काय रे, कविता लिहितोयस की खोडतोयस?" म्हटलं, "तेच काम आहे ते." तो म्हणाला, "मग मी पण कवी. माझी वही कोरीच आहे."

शुक्रवार, १४

तिनंच फोन केला. म्हणाली, "ओळी कुठायत?" म्हटलं, "घासतोय." ती म्हणाली, "घासा. घाई नाही." मग लगेच, "म्हणजे, आहे घाई. पण घासा."

तिच्यामागे छापखान्यातलं यंत्र चालू होतं. खटक-सर, खटक-सर. त्या आवाजातून मी तिचा आवाज बरोबर उचलतो. दमली असली की वाक्याचं शेपूट सोडून देते. चिडली की शब्द मोजून ठेवते. आज दमलेली होती. मी म्हटलं, "आज पाय दुखतायत का? उभं राहून काम झालेलं दिसतंय." ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळलं! तिला मी एकदाच बघितलंय, तेही काका-मामांच्या गर्दीत, मान खाली घालून. तिच्या चपलाच नीट आठवतात. पण आवाज? आवाज मी झोपेतही ओळखीन.

फोन ठेवला आणि उठून उभा राहिलो. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. सळीवाला म्हणाला, "चावलं का काही?"

चावलं!! कामावर मामा काय आणि फोनवर ती काय, दोघांना मी बघतो कुठे? आवाजावरच तर चाललंय सगळं माझं!

लिहितो:

भिंतीपलीकडचं मला दिसत नाही,
तिथं मी आवाजावर माल उतरवतो.
तुलाही मी आवाजानंच ओळखतो.

तीन आल्या. एकदम आल्या, ओल्याच्या ओल्या. चौथी नाही.

शनिवार, १५

चौथी नाही.

रविवार, १६

चौथीसाठी लिहिलेल्या सगळ्या ओळी इथं उतरवून ठेवतो, म्हणजे परत मोह नको:

"म्हणून सांग, येशील का?" हे मागणं झालं. तिला कळतंय की मी काय मागतोय.
"तूच माझा चंद्र." चंद्रा, तू परत आलास!
"तू सांग, मी ऐकेन." परत ठीक आहे-ठीक आहे.
"आवाज देत राहा." ही बरी. पण कुणीतरी दुसऱ्यानं लिहिल्यासारखी. बँकेतल्यानं.

सळीवाल्याची सूचना: "जेवण झालं का?" प्लंबर त्यावर हसून पलंगावरून पडला. खरं सांगायचं तर ती ओळ माझ्या सगळ्या ओळींपेक्षा बरी होती.

बुधवार, १९

आज वारा. काम थांबवायला लागेल इतका नव्हता, पण खोडकर. मधेच ढकलायचा.

पाण्याची लोखंडी टाकी इमारतीच्या मागच्या बाजूला उतरवायची होती. भिंतीपलीकडे. मला नुसता दोर दिसतो, खालचं काही नाही. मामाचा आवाज. "खाली, हळू." "खाली, हळू, समजलं." "थांब." "थांब, समजलं." टाकी झोके घ्यायला लागली असणार, कारण दोर वळायला लागला. मी दांडा धरून बसलो. पाय आपोआप स्थिर. अशा वेळी कसे काय राहतात कोण जाणे.

वारा जायची वाट बघत होतो. मामानं विचारलं, "घाबरलास का रे?"

मी म्हटलं, "रोज घाबरतो."

विचार करून नाही म्हटलं. वेळ विचारल्यावर सांगतो तसं.

आणि मामा, सवयीनं— "रोज घाबरतो. समजलं."

मग सळीवाला, कुठल्यातरी मजल्यावरून, "मी पण. समजलं." मग प्लंबर, "मी पण." मग साहेबांचा आवाज, "चॅनेल कामासाठी आहे." आणि थोड्या वेळानं तोच आवाज, जरा खालच्या पट्टीत— "मी पण."

मामा म्हणाला, "वारा गेला. खाली, हळू."

टाकी बसली. अशी अलगद बसली की मामा म्हणे, खाली धूळसुद्धा उडाली नाही.

संध्याकाळी नळावर शर्ट पिळत होतो आणि हात थांबले. पाणी वाहतंय, मागचा माणूस ओरडतोय, "ए कवी, नळ सोड!"

अरे, बोलून झालीय की चौथी!

गुरुवार, २०

भिंतीपलीकडचं मला दिसत नाही,
तिथं मी आवाजावर माल उतरवतो.
तुलाही मी आवाजानंच ओळखतो.
रोज घाबरतो.

मामाला डब्याच्या वेळी म्हणून दाखवली. त्यानं डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत चारही ओळी परत म्हटल्या, शब्दाला शब्द. एक सांडला नाही! मग म्हणाला, "समजलं." आणि लोणचं माझ्या डब्यात वाढलं. त्याचं लोणचं तो कुणाला देत नाही.

यमक नाही. चंद्र नाही. गगन नाही. पण कुणी अंधारात ऐकवली तरी मी सांगेन, ही माझी आहे.

पाठवली!

शनिवार, २२

तिचं उत्तर आलं. पूर्ण उतरवतो.

"पहिल्या तीन ओळी मी छापखान्यात मोठ्यानं वाचल्या. यंत्रावरच्या काकांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, परत वाच. अशा ओळी मी कधी जुळवल्या नाहीत. पण चौथी काढा. ती नको. घाबरतो काय! तीन ओळींत भरवसा आणि चौथीत घाबरतो? आईला वाचून दाखवायची आहे मला. ती म्हणेल, मुलगा भित्रा आहे. काढा आणि परत पाठवा. मग मी घरी बोलते."

घरी बोलते!! म्हणजे होकारच की! एक ओळ काढायची फक्त!

मी पलंगावरून उडीच मारली. सळीवाला उठून मिठी मारून गेला. "काढ, काढ, आत्ता काढ! आण मी खोडतो!"

रविवार, २३

काढून बघितली.

तीन ओळी छान दिसतात. केस विंचरल्यासारख्या. पत्रिकेवर शोभतील.

पण मी म्हणायला गेलो तर तिसऱ्या ओळीवर थांबवत नाही. टाकी अधांतरी राहते. सकाळपासून म्हणतोय, दर वेळी तोंड आपोआप चौथी म्हणतं.

सोमवार, २४

मामाला विचारलं. "काढू का?"

"मला काय विचारतोस? मला चार पाठ आहेत. आता तीन म्हणायला मला जमायचं नाही."

"पण होकार अडलाय त्याच्यावर."

"मग अडलाय खरा," म्हणाला आणि हेल्मेट घालून निघून गेला. हा काय सल्ला झाला!

सळीवाला अख्खी संध्याकाळ समजावत होता. "हे बघ, लग्न कर. मग आयुष्यभर लिही, घाबरतो घाबरतो घाबरतो. कोण अडवतंय? तेव्हा तर खरंच घाबरशील." हसलो. पण ओळ हलली नाही.

ताई फोनवर, "एका ओळीसाठी? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मला तिला सांगता येईना. मी आजवर कशासाठीच अडून बसलो नाही. बेकरी सोडली, टायर सोडले, गाव सोडलं, ओरडलं कुणी की निघालो. हीच एक जागा आहे, जिथून उठावंसं वाटत नाही.

मंगळवार, २५

कळवलं तिला.

"ओळ राहू दे. भरवसा असला म्हणून भीती जात नाही. हात थरथरत नाही, एवढंच. ती ओळ काढली तर वरच्या तीन कुणाच्याही होतील. तुमच्या आईंना वाचून दाखवताना चारही दाखवा. नाही तर एकही नको."

ठीक आहे म्हणालो नाही. पहिल्यांदाच.

पाठवून वर चढलो. शिडीवर पाय कापत होते. हात नाही.

बुधवार, २६

काही नाही तिचं.

गुरुवार, २७

काही नाही. ताई म्हणे, बँकेतल्याचे लोक काल परत येऊन गेले. मी म्हटलं, हं.

गंमत म्हणजे आज वर एक नवीन ओळ सुचली. तिच्याबद्दल नाही, सळीवाल्याच्या चालण्याबद्दल. मन इतकं जड, आणि तरी ओळ आली! लिहून ठेवली. खोडायला सुरुवातही केली.

शुक्रवार, २८

तिचा फोन. डब्याच्या वेळेला. मामापासून जरा लांब जाऊन उभा राहिलो.

हॅलो नाही, काही नाही. थेट, "ती ओळ चुकीचीच आहे." मी म्हटलं, बरोबर आहे. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मी दिवसभर शब्दच बघते, मला कळतं. मी म्हटलं, मी दिवसभर घाबरतो, मला कळतं. तिनं शब्द मोजायला सुरुवात केली. मी पण आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा एका ओळीसाठी! विटांवर बसलेले सगळे बघायला लागले. तिकडे यंत्र बंद पडलं. शेवटी ती ओरडलीच—

"लग्न झाल्यावर बघतेच मी, कशी ठेवतोस ती ओळ!"

लग्न झाल्यावर, म्हणाली!

फोन दोघांनीही ठेवला नाही.